'जपानकडून शिका' म्हणे! (हाशिमा बेट)

खडूस_वाचक
परवा इथे नागासाकीजवळच्या हाशिमा बेटाचे फोटो टाकून कुणीतरी लिहिलं होतं, 'बंद पडलेल्या कोळसा खाणीचंही जपानने सोनं केलं. आपण असतो तर भंगारात काढली असती.' खाली नुसता 'वाह'चा पाऊस. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

ज्या काळवंडलेल्या इमारती बघून सगळे हळहळले, त्या जागतिक वारशाच्या हिशेबात नाहीतच. २०१५ साली युनेस्कोने मान्य केलं ते मेइजी काळातलं औद्योगिकीकरण, साधारण १८५० ते १९१०. हाशिमावरची पहिली काँक्रीटची सातमजली चाळ १९१६ ची. म्हणजे हिशेबात उरले समुद्राचे जुने बंधारे आणि खाणीचे अवशेष. आणि १९१० लाच पडदा पाडला की दुसऱ्या महायुद्धात सक्तीने आणलेले कोरियन आणि चिनी मजूर गोष्टीत येतच नाहीत. सोयीचं आहे की नाही?

दक्षिण कोरियाने हरकत घेतल्यावर जपानने युनेस्को समितीच्या २०१५ च्या त्याच बैठकीत कबूल केलं, की अनेकांना मर्जीविरुद्ध आणून हालात राबवलं. त्यांच्या स्मरणार्थ माहिती केंद्रही काढू. केंद्र २०२० ला उघडलं ते टोकियोत! आत मुलाखती कसल्या, तर भेदभाव वगैरे काही नव्हता अशा. २०२१ मध्ये युनेस्कोच्याच समितीने यावर तीव्र खेद नोंदवला. हे शिकायचं?

टोकियोकर_पूर्वा
ती पोस्ट माझी नाही, पण 'वाह' म्हणणाऱ्यांत मी होते. मी बेटावर जाऊन आले आहे. आमचे गाइडकाका तिथेच वाढलेले. झाडाचं पान नाही म्हणून लोकांनी बाहेरून माती आणून गच्चीवर भाजी लावली, हे सांगताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता. १९५९ मध्ये ६.३ हेक्टरवर ५,२५९ माणसं! शाळा, सिनेमा, दवाखाना सगळं तिथेच. पिण्याचं पाणी आधी बोटीने यायचं, समुद्राखालून नळ आला १९५७ ला. मग तेलापुढे कोळसा हरला, जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि एप्रिलपर्यंत बेट रिकामं. या लोकांच्या आठवणी खोट्या का? प्रत्येक ठिकाणी जाऊन फक्त पापंच मोजायची का?

खडूस_वाचक
खोट्या कोण म्हणतंय? काका तिथे लहान होते. खाली उतरणाऱ्या कोरियन पोराला विचारलं असतं तर गच्चीवरची भाजी आठवली असती का? समुद्राच्या तळाखाली शेकडो मीटर, तीसच्या वर तापमान, अंगाला चिकटणारा दमटपणा. गाइडकाकांनी हे सांगितलं का?

टोकियोकर_पूर्वा
उकाड्याचं सांगितलं. कोरियन मजुरांचं नाही, हे खरं. झालं समाधान?

कॉलरीचा_पोरगा
तुम्ही दोघं जपानात भांडत बसा. आमच्याकडे चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात या जरा, हाशिमा दाखवतो. तिकीट नाही, बोट नाही.

बाप अंडरग्राउंडला लोडर होता, म्हणजे जमिनीखालच्या खाणीत कोळसा भरायचा. फर्स्ट शिफ्टचा भोंगा झाला की अख्खी कॉलनी उठायची. पुढं इनक्लाइन (खाली उतरायची उतरती खाण) बंद झाली, ओपनकास्ट (वरून खणलेली उघडी खाण) आली, आणि जिथं आम्ही क्रिकेट खेळायचो तिथं आता मातीचा डोंगर आहे. क्वार्टरची दारं-खिडक्या लोकांनी नेल्या, भिंतीतून पिंपळ निघालेत. वारसा म्हणे! बापाला खोकल्याशिवाय कुठला वारसा मिळाला?

२०२२ ला घुग्घुसच्या अमराई वॉर्डात भरवस्तीत एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी खदान. घरचे वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले. त्यावर कुणी 'वाह' केलं नाही.

सदाशिव_नको_पेठ
दुर्दैवी आहे, पण धाग्याचा विषय वारसा जतन हा आहे. आणि स्पष्ट बोलतो, राग नसावा: दारं-खिडक्या कंपनीने नेल्या नाहीत, तुमच्याच लोकांनी नेल्या. जपानमध्ये हे झालं असतं का?

कॉलरीचा_पोरगा
राग नसावा म्हणे! तुमच्याच लोकांनी म्हणजे कोणी हो? आमच्या काकाची शेती खदानीत गेली. जमिनीच्या बदल्यात एक नोकरी, भाऊ तीन. एकाला लागली, दोघं आजपर्यंत हिशेब मागतात. असल्या माणसानं खिडकीचं लोखंड विकलं तर त्याला संस्कार शिकवायला तुम्ही पुण्याहून येणार? आमच्या कोळशावर जळणारा दिवा आधी बंद करा, मग बोला.

वरोऱ्याची_सून
दिव्याचा मुद्दा दरवेळी येतो, पण चुकीचा नाही. माझ्या आजेसासऱ्यांच्या तोंडी वरोऱ्याच्या खाणीचं नाव असायचं. इंग्रज सरकारची खाण, आमच्याकडे रेल्वे आली तीच मुळी कोळशासाठी. १९०६ च्या सुमारास ती बंद पडली. आज गावातल्या दहा पोरांना विचारा, नऊ म्हणतील आनंदवन माहीत आहे, खाण कुठली? निदान एक पाटी लावा हो.

नोकरीचं मात्र भाऊंनी अर्धंच सांगितलं. मुलीच्या नावावर नोकरी लावा म्हटलं की घरातच भांडण. माझ्या माहेरी हेच झालं. यावर कुणी बोलत नाही.

सदाशिव_नको_पेठ
बोललो तरी शिव्या, नाही बोललो तरी शिव्या. बरं, दारं-खिडक्यांचं वाक्य मागे. पुण्याचं पण तुम्ही मागे घ्या.

कॉलरीचा_पोरगा
अर्धं घेतो. ताईंचं खरं आहे, आमच्या घरी पण बहिणीला कुणी विचारलं नव्हतं.

खडूस_वाचक
माझा धागा कुठे गेला? असो. जपानचं राहिलंच: हाशिमाची खाण मित्सुबिशीची, तिच्या वारसदार कंपनीने, मित्सुबिशी मटेरियल्सने, २०१६ मध्ये चिनी मजुरांची माफी मागून प्रत्येकी १ लाख युआन द्यायचं ठरवलं. कोरियन मजुरांना अशी तडजोड नाही, का तर १९६५ च्या जपान-दक्षिण कोरिया करारात सगळं मिटलं म्हणे. पूर्वाताई, यावर तुमच्या काकांचं मत?

टोकियोकर_पूर्वा
काकांना तुमच्याच बोटीत बसवून देते, विचारा प्रत्यक्ष. लाटा असल्या तर उतरू देत नाहीत आणि उतरलात तरी कठड्याच्या आतूनच फिरायचं. मजुरांचा मुद्दा माझ्या लेखात घालीन, पण तुमचं नाव देणार नाही.

खडूस_वाचक
नकोच. कॉलरीभाऊ, घुग्घुसचा वेगळा धागा काढा, तिथे येतो. आणि सदाशिवरावांनी आधी नकाशात घुग्घुस शोधून यावं.