शिक्षणमंत्री डॉ. त्रिगुण सेन : आयोगात असताना दहा वर्षांची मुदत, मंत्रिपदी पाच वर्षांची, असे का?

प्रश्न : जुनी पुस्तके जमवणारा

सप्रेम नमस्कार.

वडिलांचे कपाट आवरताना महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ, नागपूर यांनी काढलेले पदार्थविज्ञानाचे एक मराठी पुस्तक हाती आले. आतल्या पानावर बारीक टायपात असे छापले आहे की, प्रादेशिक भाषांत विद्यापीठीय पातळीवरील ग्रंथ तयार करण्याच्या भारत सरकारच्या योजनेतील अनुदानातून ते प्रसिद्ध झाले. या योजनेचा शोध घेता घेता मी डॉ. त्रिगुण सेन यांच्या नावापाशी पोहोचलो. अभियंता, जादवपूर विद्यापीठाचे पहिले प्रमुख, कलकत्त्याचे महापौर, बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू आणि 1967 साली थेट केंद्रीय शिक्षणमंत्री, असा हा माणूस. पण मराठीत त्यांच्याविषयी फारसे वाचायला मिळत नाही.

मला पडलेला प्रश्न असा : देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या, 1964 ते 1966 या काळातील कोठारी आयोगाचे ते सदस्य होते. विद्यापीठांतील शिक्षण सुमारे दहा वर्षांत प्रादेशिक भाषांत आणावे, असे आयोगाने सुचवले होते. मग मंत्री झाल्यावर त्यांनी पाच वर्षांच्या मुदतीचा आग्रह का धरला? अभियंत्याला हे काम सोपे वाटले असावे काय?

उत्तर 1 : निवृत्त ग्रंथपाल

काम सोपे वाटले असेल, असे मला वाटत नाही. त्यांची जडणघडण पाहिली तर हा आग्रह कोठून आला असावा ते उमगते.

सेन यांचा जन्म 24 डिसेंबर 1905 चा, आता बांगलादेशात असलेल्या सिल्हेट भागातला. बंगालची फाळणी होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्या फाळणीविरुद्धच्या चळवळीतूनच 1906 साली राष्ट्रीय शिक्षण परिषद उभी राहिली. सरकारी विद्यापीठापासून अलग, आपल्या नियंत्रणातले आणि होईल तितके मातृभाषेतून दिले जाणारे शिक्षण हा तिचा हेतू होता. बडोद्याची नोकरी सोडून आलेले अरविंद घोष तिच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. परिषदेचे साहित्य-कलांचे अंग पुढे क्षीण झाले. टिकले ते तंत्रशिक्षणाचे. त्यातूनच जादवपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय वाढले, आणि सेन तेथलेच. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत म्युनिकला गेले, परतल्यावर त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि 1955 साली त्याचे विद्यापीठ झाले तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे आली. विद्यापीठाचा स्थापनादिनही 24 डिसेंबर हाच आहे, हा एक गमतीचा योग.

म्युनिकचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीवाचून अभियांत्रिकी शिकवता येते का, हा आपल्याकडे वादाचा विषय असतो. त्यांनी मात्र यंत्रशास्त्र जर्मनांच्या भाषेत शिकवले जाताना प्रत्यक्ष पाहिले होते. हा माझा तर्क आहे, पण तो अगदीच निराधार नसावा.

उत्तर 2 : भाषाधोरणाचा अभ्यासक

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु पाच वर्षांची मुदत ही एकट्या सेन यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. 1967 च्या निवडणुकांत अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली होती, मद्रासमध्ये हिंदीविरोधाच्या लाटेवर द्रविड मुन्नेत्र कळघमचे सरकार आले होते आणि इंग्रजी किती काळ ठेवायची, हा प्रश्न संसदेत धुमसत होता. आयोगाच्या अहवालावर विचार करण्यासाठी नेमलेल्या खासदारांच्या समितीने पाच वर्षांचा कालावधी सुचवला आणि सेन यांनी तो उचलून धरला. त्यावरून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळातच ठिणगी पडली. परराष्ट्रमंत्री मोहम्मद करीम छागला यांनी राजीनामा दिला. छागला म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश आणि 1966 पर्यंत स्वतः शिक्षणमंत्री राहिलेले गृहस्थ, आणि आयोग नेमला गेला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. इंग्रजीचा दुवा घाईने तोडल्यास विद्यापीठे एकमेकांपासून तुटतील आणि देशाच्या ऐक्याला धक्का बसेल, अशी त्यांची धारणा होती. त्याच महिन्यात दिल्लीत भरलेल्या कुलगुरूंच्या परिषदेतही मुदतीचा आग्रह सौम्य झाला. स्वतः दोन विद्यापीठे चालवलेल्या मंत्र्याला आपल्याच जुन्या सहकाऱ्यांनी आवर घालावा, ही स्थिती त्यांना सुखाची नसणार.

जुलै 1968 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रादेशिक भाषा विद्यापीठांत आणण्यासाठी तातडीने पावले उचलावीत, असे वाक्य आहे; वर्षांचा आकडा मात्र गळून पडलेला आहे. माझ्या मते सेन यांची चूक होती ती क्रमात. कारखान्यात नवे यंत्र बसवायचे तर पाया आधी घालतात. इथे मुदत आधी जाहीर झाली आणि पाया, म्हणजे पुस्तके, परिभाषा आणि त्या भाषेत शिकवू शकणारे अध्यापक, मागून यायचा होता. प्रत्येक राज्याला ग्रंथनिर्मितीसाठी 1 कोटी रुपये देण्याची योजना त्यानंतर आली. आपल्या हातातले पुस्तक हा त्या पायातलाच एक दगड समजा. आयोगात दोन मराठी व्यक्तीही होत्या, सदस्य-सचिव जे. पी. नाईक आणि सुलभा पाणंदीकर. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात खेड्यातल्या शिक्षणाचे काम केलेल्या नाईकांना मराठीतून शिकवताना काय अडते, हे दिल्लीतल्या कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक असावे.

आपल्या पुस्तकाच्या शेवटी परिभाषासूची आहे का? असल्यास तीवर काही खुणा आहेत का, ते पाहावे.

उत्तर 3 : बनारसचा माजी विद्यार्थी

मी पुष्कळ नंतरचा विद्यार्थी असल्यामुळे सेन यांना पाहिलेले नाही. एक तपशील मात्र जोडतो. 1965 साली विद्यापीठाच्या नावातून 'हिंदू' शब्द वगळण्याच्या प्रस्तावावरून तेथे मोठे आंदोलन झाले होते, आणि ते वातावरण निवळायच्या आत, 1966 मध्ये, ते कुलगुरू म्हणून आले. वर्षभरही न राहता ते दिल्लीला गेले, त्यामुळे बनारसमधील त्यांच्या कारकिर्दीवरून कोणताही निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते.

शिक्षण खातेही त्यांच्याकडे दोनच वर्षे होते. फेब्रुवारी 1969 मध्ये ते खाते व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याकडे गेले आणि सेन यांना पेट्रोलियम, रसायने व खाणी मिळाल्या. खंभातच्या आखातात अलियाबेट येथे 1970 साली समुद्रातली आपली पहिली तेलविहीर खोदायला घेतली, ती त्यांच्या काळात. अभियंत्याला शोभणारे हे खाते त्यांना आधी मिळाले असते तर, असा विचार मनात येतो. पण त्रिपुरातून राज्यसभेवर गेलेल्या, स्वतःचा मतदारसंघ नसलेल्या मंत्र्याला खाते निवडण्याची मुभा कितीशी असणार?

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परिभाषासूची आहे, सोळा पानांची. वडील गावाकडून मराठी शाळेत शिकून आलेले, पण पदवीच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीत असत. 'प्रतिबल', 'विकृती', 'ऊष्मागतिकी' अशा शब्दांपुढे इंग्रजी प्रतिशब्द छापलेले आहेतच. वडिलांनी त्यांचे उच्चार पेन्सिलीने देवनागरीत लिहून ठेवले आहेत. अकराव्या पानापर्यंत.