आधी साखर आटोक्यात आणावी की आधी हिरड्यांचे उपचार करावेत?

प्रश्न (जिज्ञासू):
मला टाइप २ मधुमेह आहे आणि नुकत्याच केलेल्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ८.६ टक्के आले. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते आणि खालचा पुढचा एक दात किंचित हलू लागला आहे. दंतवैद्यांनी हिरड्यांखालची खोल सफाई सुचवली आहे. घरच्यांचे म्हणणे मात्र असे, की साखर उतरल्याशिवाय हिरड्यांना हात लावू देऊ नये, शिवाय सफाईने दात आणखी सैल होतात. काय खरे धरावे?

उत्तर (दंतवैद्य):
थांबू नका, दोन्ही उपचार बरोबरीने चालू द्यावेत. साखर सतत वाढलेली राहिली की पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची क्षमता मंदावते, हिरड्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि कोलॅजन (हिरड्यांना बळकटी देणारे प्रथिन) यांची हानी होते, लाळही कमी पडू शकते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. दंतसंशोधक हॅराल्ड लोए यांनी १९९३ साली हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले, ते याच कारणाने. उलट दिशेने पाहिले, तर सुजलेल्या हिरड्यांतून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात मिसळतात आणि इन्सुलिनचा परिणाम बोथट होतो. म्हणजे साखर उतरण्याची वाट पाहत बसलात, तर ती उतरू न देणारे एक कारण तोंडातच शिल्लक राहते.

सफाईने दात सैल होतात ही समजूत फार चिवट आहे. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. आजारात ती वाढत जाते आणि तिच्यात किटण साचते. हाड आधीच झिजलेले असते, पण किटणाच्या थरामुळे आणि सुजेमुळे ते जाणवत नाही. किटण निघाले आणि सूज उतरली, की दातांमधल्या फटी उघड्या पडतात आणि दोष सफाईच्या माथी येतो.

उत्तर (मधुमेहतज्ज्ञ):
वरील मताशी मी सहमत आहे, फक्त अपेक्षा माफक ठेवावी. खोल सफाईनंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांत दिसले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत मात्र फरक आढळला नव्हता. तेव्हा सफाई करून घेतली म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःहून कमी करू नये. धूम्रपान करत असाल, तर तेही दंतवैद्यांना सांगावे, कारण त्याने हिरड्यांतून रक्त येणे कमी होते आणि आजार झाकला जातो.

उत्तर (एक मधुमेही सभासद):
भेटीची वेळ शक्यतो सकाळची घ्यावी आणि जेवण व औषधे नेहमीप्रमाणे घेऊनच जावे. उपाशीपोटी गेल्यास खुर्चीतच साखर एकदम खाली येण्याचा धोका असतो. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू असेल, तर तेही सांगावे. त्या औषधाने काहींच्या हिरड्या वाढतात आणि केवळ ब्रशने त्या उतरत नाहीत.