शिकस्ती, पयस्ती आणि आपली मळई

प्रश्न: नदीने गाळ टाकून तयार झालेल्या जमिनीला ‘मळई’ म्हणतात. पण नदी दरवर्षी थोडा थोडा काठ कापत जी जमीन घेऊन जाते, तिला काय म्हणायचं? ‘धूप’ हे क्रियेचं नाव झालं. मला गेलेल्या जमिनीचं नाव हवंय.

उत्तर: बंगालीत याची जोडीच आहे. गेलेली ती ‘शिकस्ती’, काठाला येऊन लागलेली ती ‘पयस्ती’. दोन्ही शब्द फारसीतून आलेले: शिकस्त म्हणजे मोडलेलं, पैवस्त म्हणजे जोडलेलं. गंमत अशी की दोन्ही आपल्याकडेही आले, पण जमिनीला चिकटले नाहीत. ‘प्रयत्नांची शिकस्त’ आपण रोज म्हणतो आणि पेशवे दफ्तरातल्या पत्रांवर पत्र पोहोचल्याची नोंद ‘पैवस्त’ अशी असते.

बंगालला हे शब्द लागले, कारण तिथे मालकीच त्यांच्यावर ठरते. १८२५ च्या अकराव्या रेग्युलेशनने, म्हणजे कंपनी सरकारच्या कायद्याने, सांगितलं की हळूहळू साचलेला गाळ ज्याच्या जमिनीला लागला, त्याचा. पण नदीने एकाएकी पात्र बदललं आणि तुटलेला तुकडा ओळखता येत असेल, तर तो मूळ मालकाचाच. पुढे १८७० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, बुडालेल्या जमिनीबद्दलही तेच धरलं: ती त्याच जागी पुन्हा वर आली आणि जागा पटली, तर हक्क जुन्या मालकाचा. बांगलादेशाने १९७२ मध्ये अशी जमीन सरकारजमा करायचं ठरवलं, १९९४ मध्ये मात्र कायदा बदलला. आता तीस वर्षांच्या आत जमीन त्याच जागी वर आली, तर हक्क टिकतो.

आणखी एक: कायद्याची भाषा बाजूला ठेवून लोक काय बोलतात ते ऐका. माझं आजोळ कृष्णाकाठचं. काठ खचायच्या आधी जमिनीला नदीच्या समांतर भेग पडते. आधी बोटभर, मग हात जाईल एवढी, आणि एके दिवशी गवतासकट अख्खी ढेप पाण्यात बसते. मामांच्या बांधावरची चिंच अशीच पात्रात गेली. मामा अजून म्हणतात, “नदीनं नेलं.” ‘खाल्लं’ कधी म्हणत नाहीत. खाल्लेलं परत येत नाही, नेलेलं येऊ शकतं. १९७२ चा हुकूम आणि १९९४ चा कायदा यांतला फरक मला या दोन क्रियापदांत दिसतो. म्हणून एकच शब्द घ्यायचा, तर मी ‘नदीनेल’ जमीन म्हणेन. शब्द नवा आहे, पण काठावरच्या माणसाला तो सांगावा लागणार नाही.

सातबारावर क्षेत्र जुनंच राहतं आणि मोजणीची साखळी पाण्यात पडते, तेव्हा अर्ज लिहायला हा शब्द हवाच. आकार, म्हणजे जमिनीचा सारा, कमी करून मागायची सोय आपल्या महसूल कायद्यात आहे, पण बरेच जण मागतच नाहीत.

खाडीकाठच्या मंडळींनी सांगावं, भरतीने खाजणाचा बांध फोडून शेत घेतलं तर तुमच्याकडे काय म्हणतात?