कंपनीच्या फोनवर ऑफिसचा मेल, आणि नोकरी सोडून गेलेल्याचं जीमेल

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आणि मशीनशॉप आहे. मी परचेसला. पण प्रिंटर अडला की मीच चालू करतो, एवढ्या गुणावर मालकांनी 'मोबाईल आणि मेल' हे खातंही माझ्याच गळ्यात घातलंय. आयटीवाला वगैरे आमच्याकडे कोणी नाही.

कंपनीचे १६ अँड्रॉइड फोन आहेत, मार्केटिंग, क्वालिटी आणि डिस्पॅचच्या माणसांकडे. मेल आमच्या स्वतःच्या डोमेनवर (कंपनीच्या नावाच्या वेब-पत्त्यावर), वेबसाइट करून देणाऱ्याच्याच होस्टिंगवर, म्हणजे त्याने दिलेल्या सर्व्हरवर. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुक, फोनवर जीमेल ॲप, दोन्हीकडे पॉप लावलाय.

आता त्रास ऐका. क्वालिटीच्या माणसाने रिजेक्शनला फोनवरून काय उत्तर दिलं ते ऑफिसात कुणालाच दिसत नाही. कॉम्प्युटरवर उतरलेला मेल बऱ्याचदा फोनवर येतच नाही. काही फोनवर सकाळचा मेल ॲप उघडल्यावरच टपकतो, मग गिऱ्हाईक विचारतं, मेल बघत नाही का?

आणि सगळ्यात वाईट हे. मार्केटिंगचा एक जण सोडून गेला. फोन परत दिला, बटणं दाबून रिसेट मारला, तर आता फोन त्याचंच जीमेल मागतोय. तो फोन उचलत नाही. त्याच्या नावाच्या ऑफिस आयडीवर चौकशा मात्र येतच आहेत. मालक म्हणतात, "दुसरं ॲप टाक की." ॲप बदलून सुटणारं आहे का हे?

पोर्ट९९३

पॉप काढा, आयमॅप लावा, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो. इनकमिंग पोर्ट ९९३ एसएसएल, आउटगोइंग ५८७ (नाही चाललं तर ४६५). पाठवलेलं, वाचलेलं, खोडलेलं सगळीकडे सारखं दिसेल. दहा मिनिटांचं काम आहे.

अंबडची_आयटी

वरचं बरोबर आहे, पण 'दहा मिनिटांचं काम' वाचून हसू आलं. मी नाशिकला अंबडमध्ये असल्याच तीन-चार कारखान्यांचं मेल आणि फोन सांभाळते. शिरोलीकर, तुमची गोष्ट प्रत्येक ठिकाणी जशीच्या तशी आहे, फक्त वेबसाइटवाला वेगळा असतो.

पॉप म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवून घ्यायचा. आउटलुकमध्ये 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल तर कॉम्प्युटरने उतरवलेला मेल सर्व्हरवरून गेला, मग फोनला काय मिळणार? पाठवलेला मेल तर ज्या यंत्रातून गेला तिथेच राहतो. आयमॅपने हे दोन्ही मिटतं. पण आउटलुकमधलं जुनं खातं घाईने काढून टाकू नका. इतक्या वर्षांचा मेल फक्त त्या एका कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये असणार. आधी तिची प्रत एखाद्या हार्ड डिस्कवर घ्या. आणि आयमॅपवर गेलात की सगळं सर्व्हरवरच साठतं. होस्टिंगवाल्याने मेलच्या पेटीला जीबीभर जागा दिली असेल तर ड्रॉइंगच्या पीडीएफनी ती महिन्या-दोन महिन्यांत भरेल, आणि पेटी भरली की मेल पाठवणाऱ्याकडे परत.

उशिराचं कारण वेगळं. जीमेल ॲपमध्ये बाहेरचं खातं घातलं, पॉप असो की आयमॅप, की ते ठरावीक वेळाने जाऊन बघतं. कमीत कमी अंतर १५ मिनिटं. त्यावर फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंगं ॲपला झोपवतात. ॲप इन्फोमध्ये जाऊन बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, ऑटोस्टार्टचं बटण असेल तर तेही चालू करा. बराच फरक पडतो. पण मेल आला की फोन लगेच वाजायला हवा असेल तर होस्टिंगवरचा फुकटचा मेल सोडून गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा झोहो, यातलं काहीतरी पैसे देऊन घ्या आणि त्यांचंच ॲप वापरा. तिथे पोर्ट भरत बसायची गरजच नाही. मायक्रोसॉफ्टने तर १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनवर, म्हणजे ३६५ च्या मेलसेवेवर, नुसत्या पासवर्डने जोडणं बंद करायला घेतलं. झोहोचा फुकट प्लॅन पाच जणांपुरताच आहे आणि त्यात आयमॅप नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मेल हलवण्याआधी एक गोष्ट आजच बघा. डोमेन कुणाच्या नावावर आहे? वेबसाइटवाल्याच्या नावावर असलं तर आधी ते कंपनीच्या नावावर करून घ्या, मग त्याला सांगा की मेल हलवतोय. उलट्या क्रमाने केलंत तर तो पंधरा दिवस 'साइटवर आहे, नंतर बोलतो' करत राहील. पुढे एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवर जायचा ती नोंद) बदलणं सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करा, आणि त्याच बैठकीत एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या नोंदी) याही लावा, नाहीतर तुमची कोटेशनं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतील.

आता तो अडकलेला फोन. अँड्रॉइडमध्ये चोरीपासून संरक्षण म्हणून हे कुलूप आहे. बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट केलं की आधीचं गूगल खातं मागतं. फोन परत घेतानाच त्या माणसासमोर सेटिंगमध्ये जाऊन त्याचं खातं काढायला लावायचं, मग सेटिंगमधूनच रिसेट करायचं. झालं ते झालं. त्याला गोडीत बोलवा, त्याने एकदा स्वतः पासवर्ड टाकला की पाच मिनिटांत सुटतं. पासवर्ड नुकताच बदललेला असेल तर २४ तास थांबावं लागतं. तो येतच नसेल तर खरेदीचं बिल घेऊन फोनच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. बिल कंपनीच्या नावाचं आणि त्यावर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) असेल तर बोलायला तोंड राहतं. स्टँडजवळचा दुकानदार 'बायपास' करून देईल, पण मग त्या फोनवर कंपनीचा मेल घालू नका.

माझं मत विचाराल तर मेल हा तुमचा छोटा त्रास आहे. कंपनीच्या फोनवर पहिलं खातं माणसाच्या स्वतःच्या जीमेलचं पडतं, तिथून सगळं बिघडतं.

शिरोलीकर

ताई, घाम फुटला वाचून. डोमेन बघितलं, वेबसाइटवाल्याच्याच नावावर निघालं. त्याच्याशी उद्या बोलतो, चहा पाजून. पण फोन चालू करायला गूगल खातं लागतंच ना? प्ले स्टोअर कसं चालणार? आणि मालकांना 'अजून एक महिन्याचा खर्च' सांगायचा म्हणजे माझी कंबख्ती. एक पेटी दिली तरी चालेल का सगळ्यांना मिळून?

अंबडची_आयटी

लागतं, पण ते खातं कंपनीचं असू शकतं. कोरा किंवा रिसेट केलेला फोन चालू करा, स्वागताच्या पहिल्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप करा. क्यूआर वाचणारा कॅमेरा उघडतो. फोन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, म्हणजे एमडीएममधून, कंपनीचा क्यूआर काढायचा आणि तो दाखवायचा. वाय-फाय जोडलं की फोन कंपनीच्या ताब्यात, ॲपं आपोआप उतरतात. कोणती खाती घालू द्यायची, स्क्रीन लॉक किती आकडी, रिसेट झालाच तर कुणाच्या खात्याने उघडायचा, सगळं तुम्ही ठरवता. मात्र हे कोऱ्या फोनवरच होतं. वापरात असलेला फोन एकदा पुसावाच लागेल. तेव्हा आधी प्रत्येकाला फोटो काढून घ्यायला सांगा, नाहीतर कुणाच्या तरी बारशाचे फोटो जातात आणि शिव्या आपल्याला बसतात.

खर्चाचं म्हणाल तर झोहोच्याच मॅनेजइंजिनचं मोबाईल डिव्हाइस मॅनेजर प्लस २५ उपकरणांपर्यंत फुकट आहे. तुमचे १६ त्यात आरामात बसतात. गूगलच्या स्वस्त प्लॅनमध्येही थोडं नियंत्रण मिळतं, स्क्रीन लॉकची सक्ती आणि फोनवरून ऑफिसचं खातं पुसणं एवढं. संपूर्ण नियंत्रण बिझनेस प्लस प्लॅनपासून वर. मायक्रोसॉफ्टकडे इंट्यून (त्यांचं एमडीएम) बिझनेस प्रीमियम प्लॅनमध्ये येतं. १६ फोनच्या कारखान्याला मी ते घ्या म्हणणार नाही.

एक पेटी सगळ्यांना अजिबात देऊ नका. एकच पासवर्ड १६ जणांना म्हणजे एक जण सोडून गेला की १६ फोनवर बदलायचा, आणि कुणी काय उत्तर दिलं ते कळायचं नाही. माणसाला त्याची पेटी द्या, पण बाहेर छापायचे पत्ते कामाचे ठेवा: सेल्स, क्वालिटी, डिस्पॅच. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्सला ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही, गूगलमध्ये ग्रुप करून तेच काम होतं. व्हिजिटिंग कार्डावर सेल्सचा पत्ता असता तर गेलेल्या माणसाच्या चौकशा अडल्याच नसत्या.

माणूस गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करा. पण पेटी खोडू नका. खोडलेलं खातं गूगलमध्ये २० दिवस आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवस परत आणता येतं, पुढे नाही. त्याचे जुने सौदे, मान्य केलेले भाव तिथेच असतात. (खरे भाव व्हॉट्सॲपवर ठरतात हे मलाही माहीत आहे. त्यावर वेगळा धागा काढा, इथे सुरू केलं तर रात्र पुरणार नाही.)

फिरस्ता_सेल्स

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. आमच्या कंपनीने असंच काहीतरी टाकलंय. आता मालकाला माझे फोटो, मेसेज दिसतात का? रविवारी मी कुठे आहे तेही? दुसरा फोन खिशात बाळगायचा कंटाळा येतो, म्हणून घरचंही याच फोनवर आहे. आणि गेल्या वर्षी स्वारगेटला एसटीत फोन राहिला तेव्हा मी आधी सिम बंद केलं, तर ऑफिसवाला म्हणाला, "घाई केलीत." का ते त्याने सांगितलं नाही.

अंबडची_आयटी

दोन प्रकार असतात. संपूर्ण ताब्यातला फोन, आणि वर्क प्रोफाइलवाला, म्हणजे एकाच फोनवर ऑफिसचा वेगळा कप्पा. ऑफिसच्या ॲपवर छोट्या बॅगेचं चिन्ह दिसत असेल तर तुमचा दुसरा प्रकार. त्यात तुमच्या बाजूचे फोटो, मेसेज कंपनीला दिसत नाहीत, आणि संध्याकाळी ऑफिसची ॲपं एका बटणाने झोपवता येतात. पण फोन कंपनीचा असेल तर तो अख्खा पुसायचा हक्क कंपनीकडे राहतो, तेव्हा घरच्या फोटोंचा बॅकअप तुमचा तुम्ही ठेवा. संपूर्ण ताब्यातल्या फोनवर कोणती ॲपं आहेत ते दिसतं, आणि चालू केलं असेल तर ठिकाणही. फिरतीवरच्या सेल्सवाल्यांना मी वर्क प्रोफाइलच देते. डिस्पॅचच्या टेबलावर पडून असणारा फोन संपूर्ण ताब्यात. काय दिसतं आणि काय नाही हे फोन देतानाच कागदावर लिहून सही घ्यावी. रविवारचं ठिकाण बघायची कुणाला हौस असेल तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा त्याला जरूर वाचायला द्या.

सिमचं कारण साधं आहे. फोन पुसण्याचा हुकूम इंटरनेटवरून जातो. सिम आधी बंद केलं तर फोनला नेट नाही, हुकूम वाटेतच राहतो आणि मेल आहे तसाच. म्हणून आधी ऑफिसला फोन, त्यांनी पुसायचं, खात्यातून साइन आउट करायचं, मग सिम बंद करून डुप्लिकेट घ्यायचं. शेवटी पोलीस तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करायचा. शिरोलीकर, यासाठी सगळ्या फोनवर *#०६# दाबून नंबर आजच एका वहीत उतरवा. बिलंही तिथेच लावा.

तिथेच अजून एक कागद ठेवा. दोन टप्प्यांचं लॉगिन लावलंत, आणि लावाच, की ओटीपी त्या हरवलेल्या फोनवरच येतो. गूगल आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं. निदान ॲडमिन खात्याचे तरी छापून मालकांच्या कपाटात टाका.

शिरोलीकर

वही काढली, आठ फोनचे नंबर उतरलेसुद्धा. एकच राहिलं. मालकांकडे स्वतःचा आयफोन आहे आणि त्यांना सगळ्यांचे मेल त्यावर हवेत. सगळ्यांचे पासवर्ड मागताहेत.

अंबडची_आयटी

पासवर्ड देऊ नका, त्यांना पेट्यांची परवानगी द्या. त्यांच्या आयफोनवर आउटलुक किंवा जीमेलचं ॲप टाका, त्यांची स्वतःची पेटी आणि सोबत सेल्स आणि क्वालिटी. डिस्पॅचची देऊ नका, दिवसभर ई-वे बिलं (माल वाहतुकीची) वाजतात. तरीही सगळंच हवं म्हणाले तर एक आठवडा द्या, नोटिफिकेशन चालू ठेवून.