अनुभव धागा: कागद न कापता बेतलेले कपडे

उरेबपट्टी
काल लीड्सहून भाचीचा व्हिडिओ कॉल. नवीन मशीन घेतलंय आणि माझ्यासारखा कुर्ता स्वतः शिवायचाय. म्हणे, "मावशी, कागदी पॅटर्न स्कॅन करून पाठव ना." म्हटलं, कसला पॅटर्न गं? अंगाला नीट बसणारा एक कुर्ता घे, मधोमध दुमड, कापडाच्या घडीवर ठेव, खडू फिरव, माया (शिवणीसाठी जादा कापड) सोड आणि काप. ती गप्पच. मग म्हणाली, "म्हणजे अंदाजे?"
अंदाजे कसलं! आमची आई धुणं वाळत घालून झालं की सतरंजी गुंडाळून फरशीवर कापड पसरायची. गळ्याला वाटी, खोल गळ्याला ताटली, मुंढ्याला (बाही जोडतात त्या खाचेला) नुसता हात. मापं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेली, दुधाच्या हिशेबाशेजारी. आम्ही वाढत्या अंगाच्या, म्हणून बाजूच्या शिवणीत दोन बोटं जास्त आणि परकराला खाली चांगला रुंद दुमड. उंची वाढली की उसवून खाली सोडायचा. मग जुन्या दुमडीची गडद रेघ दिसायची, त्यावर लेस.
तुमच्याकडे कोण असं बेततं? लिहा. कागदवाल्यांनीही लिहा, भांडण नाही.

रिकामी बॉबिन
माझी सासू! पिशवीपासून झबल्यापर्यंत सगळं डोळ्यांनी. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

कर्वेनगरकर
पुरुषांनी लिहिलेलं चालतं का इथे? मी पायजमे शिवतो. निवृत्तीनंतरचा उद्योग. विकतच्या पायजम्यात मांडी घालून बसलं की नेफा मागून खाली येतो, त्या वैतागातून सुरू झालं. एक जुना पायजमा उसवून इस्त्री करून ठेवलाय, तोच माझा नमुना. गुपित एवढंच की मागचं आसन (बैठकीचा भाग) पुढच्यापेक्षा दीड-दोन इंच वर घ्यायचं. आणि सुती कापड आधी भिजवून वाळवून घ्यायचं, नंतर आटलं की रडून उपयोग नाही. आता मित्रही मागतात. फुकट.

तिरपी टीप
कर्वेनगरकर काका, आमच्या ह्यांना तुमच्याकडे पाठवू का शिकायला? ह्यांना बटण लावता येत नाही 😄

कर्वेनगरकर
पाठवा. कापड स्वतःचं आणावं.

पेठेतली मावशी
परकराला कागद कशाला लागतो, नुसता हिशोब लागतो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच. उंची ३८ हवी, तर ४० इंचांचे दोन तुकडे घ्या. प्रत्येक उभा मधून फाडा (फाडाच, कापू नका, धागा सरळ येतो). १८ रुंदीच्या चार पट्ट्या झाल्या. आता प्रत्येक पट्टीला वर डावीकडून ५ इंचांवर खूण, खाली उजवीकडून ५ वर खूण, दोन्ही जोडून तिरपा काप. एक कळी (तिरपा तुकडा) उलटी फिरवली की दोन्ही सारख्या. आठ कळ्या, अरुंद तोंड ५, खाली १३. शिवणीत प्रत्येकी एक इंच गेला तरी कमरेला ३२ आणि घेर ९६. वाया काही जात नाही. सव्वादोन मीटर आणलं तर उरलेल्यात नेफा. शिवताना एका कळीची सरळ बाजू दुसरीच्या तिरप्या बाजूला जोडा. तिरप्याला तिरपी जोडली तर शिवण लोंबते.

अजून शिकतेय
मावशी हे वहीत उतरवून घेतलं 🙏 आमच्या क्लासला बाई सगळं आधी ब्राऊन पेपरवर काढायला लावतात. छातीचा चौथा भाग, त्यात सैलपणा, त्यात माया. मला तर ते कागद सांभाळायचाच कंटाळा. गादीखाली ठेवलेत. हॉस्टेलवर गादी पण एकच.

डेक्कनची लेक
पण कागदाला नावं ठेवू नका हं. कटोरी ब्लाऊज जुन्यावर ठेवून काढून दाखवा कुणी. टक्स (आकारासाठीच्या चिमट्या) शिवल्यावर ते कापड सपाट पसरतच नाही, आखणार काय? तिथे एकतर जुना ब्लाऊज पूर्ण उसवा नाहीतर गणित करा. कुर्ता, पायजमा, परकर, झबलं हे कागदाशिवाय. ब्लाऊज नाही. माझं ठाम मत.
आणि भाचीला सांगा, टी-शर्ट ठेवून सुती कापड कापू नकोस. ताणणारं कापड अंगाबरोबर येतं, सुती येत नाही. डोक्यातूनच जाणार नाही.
बाकी तिच्या तिकडे पाकिटातले कागदी नमुने जुनेच आहेत. अमेरिकेत बटरिकने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे विकायला काढले. आपल्याकडे शिंपी अजून म्हणतो, मापाचा ब्लाऊज द्या.

तिरपी टीप
आणि तोच हरवतो! माझा लग्नातला, एकमेव नीट बसणारा. टेलर म्हणे, "ताई, तुम्ही दिलाच नव्हता."

पेठेतली मावशी
अगं बाई 😟 दुसरा मिळाला का गं बसणारा?

तिरपी टीप
नाही हो. आता कुर्तेच घालते.

नातवंडांची आजी
माझी आजी सेवासदनात शिवण शिकली. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात काढलेली संस्था, बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. आजी टेप क्वचितच घ्यायची. कापडाच्याच घड्या घालायची, निम्मं, पाव, पावाचं निम्मं, आणि घडीच्या रेघेवर खूण. मी नातीला अंब्रेला फ्रॉक तसाच शिवते. चौपदरी घडी, मधल्या कोपऱ्यातून चाप (गोलाईची रेघ). कमरेला ६.२८ ने, म्हणजे दोन पायने, भागायचं, की त्रिज्या. नातीची २२, म्हणजे साडेतीन इंच. शिवणीला अर्धा इंच जातो म्हणून चाप तीनवर. मुलगा इंजिनियर आहे, त्याने बघून विचारलं, आई तुला हे सूत्र कुणी सांगितलं? म्हटलं शाळेत तूच घोकत होतास ना मोठ्याने.
घेर झाला की खालची पट्टी लगेच दुमडू नये. रात्रभर टांगावा. उरेब (तिरप्या धाग्याचा) भाग लोंबतो, तो सकाळी कापून सरळ करावा.

अजून शिकतेय
आजी 😂😂❤️

रिकामी बॉबिन
आले. सासूबाईंचं सांगायचं होतं पण आता त्या शेजारी बसून वाचतायत. म्हणतायत की खणाचं लिही. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे पोलकं बेतताना आधी काठ कुठे येणार ते ठरवायचं, बाहीला की पाठीला. मग उरलेल्यात बाकीचं बसवायचं. काखेत चौकोनी तुकडा लावायचा, हात वर केला तरी पोलकं वर चढत नाही. तो तुकडा गळ्याच्या कातरणातून निघतो. आणि म्हणतायत, हल्लीच्या मुली फार कापड आणतात.

डेक्कनची लेक
काकूंना नमस्कार सांगा. बरोबर बोलतायत.

अजून शिकतेय
हुक, लेस, तयार उरेब पट्टी स्वस्तात कुठे? लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला जागा नाही.

पेठेतली मावशी
रविवार पेठेत जा. मेट्रोने मंडईला उतर, तिथून चालत. उरेब पट्टी विकत घेऊ नकोस मात्र, उरलेल्या कापडातून तिरपी काप.

उरेबपट्टी
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! भाचीला कळ्यांचा हिशोब पाठवला. तिचा प्रश्न: "पन्हा म्हणजे?" 🙈 तिच्याकडे कापड ४४ इंची आहे. मावशी, काप किती वर घेऊ?

पेठेतली मावशी
२२ च्या पट्ट्या होतील. वर ५च ठेव, खाली १७. घेर १२८ होईल. मिरवू दे तिला.

कर्वेनगरकर
विषयांतर. पायमशीनचा चामडी पट्टा घसरतोय. नवीन घ्यावा का?

नातवंडांची आजी
नको. तार काढा, अर्धा इंच कापा, पुन्हा जोडा. आणि चाकाच्या खाचेत तेल गेलं असेल तर आधी ते पुसा.