बी-२०४ चं इंजिन आणि सागवानी पलंग

ग्रुप: सोसायटी ए + बी विंग (फक्त कामाचे मेसेज)
रविवार

लेले काकू (ए-१०३), स. ७.४२: सुप्रभात. सकाळी सव्वासातला पार्किंगमध्ये ठोकाठोकी करायची परवानगी कोणी दिली ते कृपया कळवावे. माझ्या खिडकीच्या बरोब्बर खाली. ह्यांचं बीपी काल वाढलं होतं, पहाटे कुठे डोळा लागला होता. नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

लेले काकू: आणि ते ताडपत्री घालून काय ठेवलंय? किती दिवस झाले. काल दिवेलागणीला खाली गेले तर चक्क कोणाला तरी निजवून ठेवल्यासारखं दिसलं. दचकले मी.

म्हात्रे (ए-२०१): निजवलेलंच आहे काकू. फियाटला. साठे, दहावा कुठल्या घाटावर? 😂

साठे (बी-२०४): काकू, सुप्रभात. ठोकाठोकी म्हणजे शेवटचे दोन बोल्ट बसवत होतो, पाच मिनिटांचं काम. तरी झोपमोड झाली त्याबद्दल मनापासून क्षमस्व. ताडपत्रीखाली आमच्या गाडीचं इंजिन आहे. गाडी पत्रेकामाला गेली आहे. पायाखालचा पत्रा एवढा सडला होता की मॅट उचलली तर रस्ता दिसायचा. तोपर्यंत इंजिन बाहेर ठेवण्यावाचून इलाज नाही. जागा माझीच आहे, त्या जागेचे पैसे भरतो.

पाटणकर (बी-४०१): एकच प्रश्न. पार्किंग वाहनासाठी असतं. इंजिन हे वाहन आहे का? हो की नाही?

कदम, सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार 🙏 विषय कमिटीच्या लक्षात आहे. ग्रुपवर चर्चा नको ही नम्र विनंती.

मीनल (बी-३०३): ए विंगला पाणी आहे का? आमच्याकडे थेंब नाही.

डिसोझा (बी-१०२): साठे, स्टँड झाला काय रे? फोटो टाक बघू.

साठे: [फोटो]

साठे: झाला डिसोझा. सगळा सागवान. खाली दोन लांब ओंडके, चार इंची. त्यावर आडव्या तीन पट्ट्या. दोन्ही बाजूंना एकेक खांब, वर खाच पाडली आहे, त्या खाचेत इंजिनाची फाउंडेशनं, म्हणजे इंजिन गाडीत टेकतं ते पाय, बसतात. मागे बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्स जोडतो त्या बाजूला तिसरा आधार. म्हणजे वजन तीन ठिकाणी. खालचं ऑइलचं चेंबर पूर्ण अधांतरी, त्याच्याखाली दोन इंच मोकळे. एक खिळा वापरलेला नाही, सगळे आरपार बोल्ट आणि दोन्हीकडून वायसर. खांबांना आतून तिरक्या पट्ट्या, नाहीतर ढकलताना खांब कलले असते.

म्हात्रे: एवढं तर माझ्या पलंगाला नाही लावलेलं 🙏

डिसोझा: चेंबर वर ठेवलंस ते बेस्ट केलंस. आमच्या तिकडे एकाने इंजिन टायरवर टेकवून ठेवलेलं चेंबरवर. पत्र्याचं ते, दबलं. आतली ऑइल पंपाची जाळी तळाला चिकटली. नंतर सुरू केलं तर ऑइल वर चढेना, बेअरिंग गेली सगळी.

निखिल (ए-५०२): काका, मस्त झालंय. एक विचारू? वजन किती असेल इंजिनाचं? आणि स्टँडची चाकं किती किलो पेलणारी?

साठे: वजनकाट्यावर नाही ठेवलं. पण चार माणसांना उचललं नाही, गॅरेजवाल्याची चेनकप्पी आणावी लागली. गिअरबॉक्स वेगळा काढूनसुद्धा. चाकं प्रत्येकी शंभर किलो पेलणारी.

निखिल: मग चालतील. हिशेब तीन चाकांचाच धरायचा, कारण आपली फरशी सपाट नाही, एक चाक कायम हवेत असतं. फक्त महिनोन्महिने एकाच जागी वजन राहिलं तर रबर खालून चपटं होतं.

साठे: म्हणूनच चारही कोपऱ्यांत लाकडी गुटके दिलेत. चाकांवर भार नाहीच. हलवायचं असेल तेव्हाच गुटके काढायचे. या पोरांना कळतं बघा.

पाटणकर: भाडेकरूंनी सोसायटीच्या विषयात मत देऊ नये असं ठरलं होतं. असो. माझा प्रश्न तसाच आहे. इंजिन हे वाहन आहे का?

निखिल: मी मत नाही दिलं सर, चाकाबद्दल बोललो. सॉरी.

सौ. साठे (बी-२०४): अहो, फोटोत इंजिनाखाली ती परात कुठली आहे?

म्हात्रे: 🍿

सौ. साठे: मी विचारतेय काहीतरी.

साठे: घरी बोलू.

सौ. साठे: घरी नाही. मी ती परात चैत्रापासून शोधतेय. कैऱ्यांना मीठ लावून ठेवायची परात आहे ती, माझ्या आईने दिलेली. शेजारच्या घरी गेली असेल म्हणून मी बी-२०३ वहिनींना दोनदा विचारलं. त्यांना काय वाटलं असेल.

बी-२०३ वहिनी: नाही हो, काही नाही वाटलं. पण आज खरं कळलं ते बरं झालं 🙂

साठे: फरशीवर ऑइल पडू नये म्हणून ठेवली. त्यात भुसा घातलाय. लेले काकूंचीच तक्रार होती मागे डागांची.

लेले काकू: माझं नाव परातीत ओढू नका. माझा मुद्दा ठोकाठोकीचा आहे.

शेट्ये, खजिनदार (ए-३०४): साठे साहेब, फोटो मोठा करून पाहिला. उजव्या खांबाला बिजागरीची खाच दिसते आहे आणि त्यावर हिरवा रंग. हे लाकूड सोसायटी ऑफिसच्या जुन्या दाराच्या चौकटीचं आहे का?

साठे: हो.

शेट्ये: हे आपण कोणाला विचारून घेतलंत?

साठे: ॲल्युमिनियमचं दार बसवलं तेव्हापासून चौकट गच्चीवर पावसात पडली होती. दोन पावसाळे. अर्ध्या टोकाला वाळवी लागली होती, तेवढं कापून टाकलं. मी कदम साहेबांना रीतसर विचारलं होतं, ते म्हणाले न्या.

कदम, सेक्रेटरी: मी ‘बघू’ म्हणालो होतो.

साठे: जिन्यात म्हणालात. हसून म्हणालात.

शेट्ये: सागवानाचा आजचा भाव काय आहे हे सर्वांना माहीत आहे. भंगारात दिलं असतं तरी चार पैसे आले असते. गच्चीवरून आठवलं, वॉटरप्रूफिंगचे बी विंगच्या सहा फ्लॅटचे पैसे अजून बाकी आहेत.

बी-५०१: बी विंगचे सहा नाहीत, चार. आणि गळतंय अजून. आधी गळणं थांबवा, मग मागा.

म्हात्रे: चला. इंजिन गेलं, गच्ची आली.

ॲड. गोखले (ए-६०१): माहितीसाठी. सुप्रीम कोर्टाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे.

म्हात्रे: साहेब, त्या निकालात इंजिनाचं काही आहे का?

ॲड. गोखले: नाही. माहितीसाठी टाकलं.

पाटणकर: सामाईक जागा. बरोब्बर. आणि त्या जागेत वाहन लावायचं असतं. इंजिन हे वाहन आहे का? हो की नाही? साधा प्रश्न आहे.

डिसोझा: पाटणकर, गाडीचं काळीज आहे ते. काय वाहन वाहन लावलंय. ही फियाट, पद्मिनी, म्हणजे काय होती तुम्हाला ठाऊक आहे? गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट सलग, तिघे आरामात. माझ्या लग्नात पुढे चौघे बसलेले.

साठे: डिसोझा, पद्मिनी नाही. आमची १९७३ ची आहे, प्रीमियर प्रेसिडेंट. पद्मिनी हे नाव १९७४ पासून. इंजिन तेच, १०८९ सीसी.

डिसोझा: एकच रे ते.

साठे: एकच कसं? आर. सी. बुकात काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

ए-४०२ आजोबा: वालचंद हिराचंद सोलापूरचे. १९४४ साली ही प्रीमियर कंपनी काढली. कुर्ल्याला कारखाना. मी लोकलमधून जाताना पाहत असे. नवीन गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. आता मुलं ॲपवर गाडी बोलावतात आणि दोन मिनिटं उशीर झाला तर चिडतात.

बी-५०१: २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची काळीपिवळी पद्मिनी बंद झाली तेव्हा आमच्या बाबांनी पेपरचं कात्रण कापून ठेवलं. त्यांनी उभ्या आयुष्यात टॅक्सी दोनदा केली असेल.

कदम, सेक्रेटरी: सर्वांना विनंती. विषयांतर नको 🙏

लेले काकू: इंजिन भंगारात देऊन नवीन का बसवत नाहीत? मला खरंच कळत नाही म्हणून विचारते. आमच्या मिक्सरची मोटर बदलली, छान चालतोय.

साठे: काकू, सांगतो. गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली आहेत. केंद्र सरकारचा २०२१ चा नियम आहे, पन्नासच्या वरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नवीन नोंदणीची फी वीस हजार. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसिस, बॉडी, इंजिन यांत फेरफार नको. या इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर आर. सी. बुकातला नंबर आहे. हा ब्लॉक गंजून जाम झाला की सगळं गेलं. म्हणून प्लगच्या भोकांतून दोन दोन चमचे ऑइल सोडलंय, सायलेन्सरकडची आणि कार्ब्युरेटरची तोंडं कापडाने बंद केलीत, ब्लॉकमधलं पाणी काढलंय. दर पंधरा दिवसांनी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने दोन फेरे देतो. वडिलांनी घेतलेली गाडी आहे काकू.

लेले काकू: तुमचे वडील चांगले होते. ते सकाळी ठोकत नसत.

पाटणकर: मी तो नियम आत्ताच वाचला. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे जी गाडी चालणार नाही तिच्यासाठी कायमची जागा अडवणार, आणि आमच्या मुलीची स्कूटर रस्त्यावर.

साठे: पाटणकर साहेब, खरं बोललात. मुद्दा स्कूटरचा आहे, इंजिनाचा नाही. मागच्या वर्षी लॉटरीत तुमचं नाव आलं नाही त्यात माझा काय दोष?

पाटणकर: मी लॉटरीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. माझा प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर सकाळपासून कोणीही दिलेलं नाही.

*हा मेसेज डिलीट केला आहे*

म्हात्रे: शेट्ये, वाचला हां मी. स्क्रीनशॉट आहे.

कदम, सेक्रेटरी: महत्त्वाचे. आज दुपारी ४ वाजता टाकी सफाईची माणसं येत आहेत. पाइप साठे साहेबांच्या जागेतून जाईल. कृपया इंजिन तात्पुरतं सरकवावे.

साठे: नक्की. एका हाताने सरकतं. निखिल, खाली येतोस का रे दहा मिनिटं?

निखिल: आलो काका.

मीनल: म्हणजे संध्याकाळपर्यंत पाणी नाही? हे सकाळीच सांगता आलं नसतं का? मी आठपासून विचारतेय.

दु. ४.२०

ॲड. गोखले: खाली कसला आवाज झाला?

लेले काकू: मी खिडकीतूनच पाहिलं सगळं. गुटके काढले आणि हे दोघं त्या पाइपवाल्याशी बोलत उभे राहिले. ते इंजिन हळूच निघालं. अगदी शांतपणे. मी ‘अहो साठे’ म्हणेपर्यंत अर्ध्यावर.

डिसोझा: जाळीकडे उतार आहे तिथे. पावसाचं पाणी जायला दिलेला.

निखिल: काही झालं नाही, कोणाला लागलं नाही. काकांनी पुढे होऊन परात आडवी टाकली, तीत चाक अडलं. पाटणकर सरांच्या बंपरच्या एक वीत अलीकडे.

सौ. साठे: परात?

साठे: थोडी चेपली आहे.

पाटणकर: मी आत्ता खाली जाऊन आलो. एक वीतसुद्धा नाही. चार बोटं. याला जबाबदार कोण? कमिटीने लेखी उत्तर द्यावे. हे असंच चालत आलं तर

म्हात्रे: पाटणकर साहेब, थांबा. चार चाकं आहेत. स्वतःहून चाललं. आणि तुमच्या गाडीच्या मागे जाऊन नीट उभं राहिलं. तुमच्या सकाळच्या प्रश्नाचं उत्तर: हो. वाहन आहे.

बी-५०१: 😂😂😂

ए-४०२ आजोबा: प्रीमियर कंपनीचं इंजिन आहे. पेट्रोलशिवाय चाललं.

शेट्ये, खजिनदार: वाहन असेल तर साठे साहेबांचं ते दुसरं वाहन धरावं लागेल. दुसऱ्या वाहनाचं शुल्क दुप्पट आहे. शिवाय चौकटीचे पैसे.

कदम, सेक्रेटरी: दोन्ही विषय पुढच्या मीटिंगला घेऊ 🙏

साठे: पाटणकर साहेब, मनापासून माफी. चूक माझी, चाकांना ब्रेक घेतले नव्हते. उद्या दोन ब्रेकवाली चाकं आणून बसवतो. तोपर्यंत गुटके परत लावलेत, पुढून पाचरही मारली आहे.

पाटणकर: ठीक आहे. माझा मुद्दा मीटिंगमध्ये मांडीन. तो मुद्दा असा की पार्किंग वाहनासाठी असतं.

लेले काकू: उद्याची चाकं दहानंतर बसवा.

सौ. साठे: परात वर आणा. तशीच आणा, पुसू नका. मला बघू दे.