व्हेप ओढणाऱ्याचा खोकला : दोष ई-सिगारेटचा की शहराच्या हवेचा?

रामदासपेठ_वाचक
नमस्कार. माझा धाकटा भाऊ 36 वर्षांचा असून नागपुरातील मिहान या उद्योगक्षेत्रातील एका कंपनीत नोकरीला आहे. कॉलेजपासूनची सिगारेट सुटावी म्हणून त्याने व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सुरू केले. घरात आता धुराचा वास येत नाही, पण मित्रांसोबत बसला की एखाद-दुसरी सिगारेट अजूनही होते. या पावसाळ्यापासून सकाळी उठल्याबरोबर त्याला खोकल्याची उबळ येते, रात्री आडवे झाल्यावर छातीतून शिटीसारखा आवाज येतो आणि तीन मजले चढून येईपर्यंत दम लागतो. हा सगळा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातील राखेचा आणि रस्त्यांच्या धुळीचा परिणाम असून व्हेपमध्ये तर नुसती वाफ असते, असे त्याचे म्हणणे आहे. प्रौढांमधील श्वसनाच्या तक्रारींशी ई-सिगारेटचा संबंध खरोखर दिसून आला आहे काय? घरी यावरून रोज वाद होतो, म्हणून जाणकारांनी आधारासह सांगावे ही विनंती.

छातीचा_डॉक्टर
आपल्या भावाची 'नुसती वाफ' ही समजूत मी बाह्यरुग्ण विभागात वारंवार ऐकतो. व्हेपमधील द्रवात प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुधा निकोटीन असते. हा द्रव कापसात मुरलेला असतो आणि कापसाभोवतीची बारीक तार तापली की त्याचे अतिसूक्ष्म थेंब होऊन ते श्वासनलिकांच्या टोकापर्यंत पोहोचतात. उष्णतेने त्याच द्रवापासून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन ही अल्डिहाइड वर्गातील दाहक रसायने तयार होतात, तर तारेतून निकेल आणि क्रोमियमसारखे धातू काही प्रमाणात सुटतात. कापूस कोरडा पडला असताना झुरका घेतल्यास घशाला जी जळकट चव लागते, त्या वेळी या अल्डिहाइडांचे प्रमाण बरेच वाढलेले असते. श्वासनलिकांचे अस्तर अशा माऱ्याने चिडते, कफ वाढतो आणि नलिका आकसल्या की शिटी वाजते. कोराडी-खापरखेड्याची हवा निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही, परंतु ती हवा आपल्या घरातील इतरांच्याही वाट्याला येते; त्यांनाही असाच त्रास होतो का, हे भावाला जरूर विचारावे.

आकडेमोड
मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून फक्त पुराव्याविषयी लिहितो. या प्रश्नावरचे बरेच आकडे अमेरिकेतील 'पाथ' या तंबाखू आणि आरोग्यविषयक मोठ्या पाहणीतून आलेले आहेत. तिच्यातील सुमारे 28 हजार प्रौढांच्या माहितीवरून 2019 मध्ये असे दिसले, की केवळ ई-सिगारेट वापरणाऱ्यांमध्ये छातीत घरघर असण्याचे ऑड्स (म्हणजे तक्रार असलेल्यांचे नसलेल्यांशी प्रमाण) काहीच न ओढणाऱ्यांच्या 1.67 पट होते. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ते त्याहूनही जास्त होते. मात्र ही एका वेळची पाहणी होती. पूर्वी सिगारेटने छाती खराब झालेला माणूस नंतर व्हेपकडे वळला असेल, तर दोष नेमका कोणाचा हे तिच्यातून कळत नाही.

म्हणून मला 2020 चा अभ्यास अधिक मोलाचा वाटतो. त्यात सुरुवातीला श्वसनविकार नसलेल्या 21 हजारांहून अधिक प्रौढांचा काही वर्षे मागोवा घेतला गेला आणि सिगारेटच्या सवयीचा हिशेब वेगळा केल्यानंतरही, सध्या ई-सिगारेट वापरणाऱ्यांमध्ये दमा, जुनाट ब्रॉंकायटिस (श्वासनलिकांची सूज) यांसारखे विकार नव्याने उद्भवण्याचे प्रमाण 31 टक्क्यांनी अधिक आढळले. विकार लोकांनी स्वतः सांगितलेले होते, ही त्यातील उणीव. आणि 31 टक्के ही वाढ डोळ्यांत भरावी इतकी मोठी नाही, हेही खरे. परंतु याच पाहणीच्या दुसऱ्या एका विश्लेषणात, सिगारेट आणि व्हेप दोन्ही चालू असलेल्यांमध्ये श्वसनविकार उद्भवण्याचे ऑड्स दोन्हींपासून कायम दूर राहिलेल्यांच्या 3.3 पट निघाले. आपल्या भावाची गणना याच गटात होते.

सिगारेट_सुटली
दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ब्रिटनमध्ये 886 जणांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई-सिगारेट मिळालेल्यांपैकी 18 टक्के लोक वर्षभरानंतर सिगारेटमुक्त होते, तर निकोटीनच्या पट्ट्या-गोळ्या घेणाऱ्यांपैकी 9.9 टक्के; शिवाय पहिल्या गटात खोकला आणि कफ अधिक कमी झाला.

आकडेमोड
बरोबर, पण तेथे तुलना सिगारेट ओढणाऱ्याच्या आधीच्या अवस्थेशी आहे, निरोगी छातीशी नाही. त्याच चाचणीत ई-सिगारेटने सिगारेट सोडलेल्यांपैकी 80 टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते.

कायद्याचे_बोला
तो ब्रिटनचा माल तेथील नियमांखाली विकला जातो. आपल्याकडे सप्टेंबर 2019 च्या अध्यादेशापासून आणि नंतर त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे येथे जे मिळते ते चोरवाटेने येते आणि आत काय भरले आहे याची हमी कोणीच देत नाही. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेप ओढून फुप्फुसाला तीव्र इजा झालेले रुग्ण एकाएकी वाढले. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण आणि 68 मृत्यू नोंदले गेले. त्यामागे मुख्यतः गांजातील घटकाच्या द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होते, आणि असा माल बहुतांशी अनधिकृत मार्गानेच मिळालेला होता.

रामदासपेठ_वाचक
सर्वांचे आभार. दोन्ही चालू असणे अधिक वाईट, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आता नेमके काय करावे?

छातीचा_डॉक्टर
खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ आहे, म्हणून सर्वप्रथम क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्यावा. मेडिकल आणि मेयो या नागपुरातील दोन्ही सरकारी रुग्णालयांत याची सोय आहे. त्यानंतर स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, तीही श्वासनलिका रुंदावणारे औषध देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर, म्हणजे दमा आहे की नाही याचा अंदाज येतो. चाचणीपूर्वी किमान तासभर सिगारेट किंवा व्हेप ओढू नये. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास 1800-11-2356 ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवा निःशुल्क आहे. सिगारेट आणि व्हेप दोन्ही सोडून खर्ऱ्याकडे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाकडे) वळणारे रुग्ण नागपुरात मी पुष्कळ पाहतो, तेव्हा तेवढे मात्र होऊ देऊ नका. आणखी एक गोष्ट म्हणजे, केसपेपर लिहिताना 'सिगारेट ओढता का?' असे विचारले की व्हेप ओढणारे बहुतेक जण सरळ 'नाही' म्हणतात. भावाने व्हेपचे आणि मित्रांसोबतच्या सिगारेटचे दोन्ही डॉक्टरांना आपणहून सांगावे.